पॉलिशयंत्राचा सराव

ज्या परभणी जिल्ह्यात वैशाखात पारा 42 अंशांपलीकडे सहज जातो आणि काळ्या मातीची धूळ मोटारीच्या रंगावर ठाण मांडते, तेथे निस्तेज वाहन यंत्राने स्वहस्ते उजळण्याचा मोह स्वाभाविक असला, तरी रंगावरील पारदर्शक लेप बहुधा 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे मानवी केसाहूनही पातळ असतो आणि तो झिजून गेला की पुनश्च रंगकामावाचून गत्यंतर उरत नाही, हे प्रथम ध्यानी घ्यावे.

म्हणून आधी सरावाकरिता भंगारवाल्याकडून एखादे जुने बॉनेट पैदा करावे. ते गडद रंगाचे असल्यास उत्तम, कारण त्यावर यंत्राची वर्तुळे लपत नाहीत. ते स्वच्छ धुऊन, अर्धा भाग चिकटपट्टीने झाकून, उरलेल्या अर्ध्यावर पॉलिशचे कंपाउंड लावलेले यंत्राचे पॅड सपाट टेकवून यंत्र सावकाश सरकवावे. एकाच जागी ते रेंगाळले तर उष्णतेने रंग कसा जळतो, हेही तेथे मुद्दाम पाहावे. स्वतःच्या गाडीवर ही मुभा नाही.

नुसते गरगर फिरणारे रोटरी यंत्र कसबी कारागिरासच शोभते. नवशिक्याने फिरता फिरता डोलणारे ड्युअल ॲक्शन यंत्रच घ्यावे. पत्र्याच्या कडांवर लेप अधिकच पातळ असतो, म्हणून तेथे विशेष जपावे. काम सावलीत, शक्यतो सकाळी करावे, कारण तापल्या पत्र्यावर कंपाउंड तत्काळ वाळते.