मालवणच्या तांडेलाचा हुपरीतला कागद

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



माझं गाव हुपरी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यातलं हे गाव आपण चांदीच्या पैंजणांमुळे ओळखता. आमच्याकडे गल्लीतून चालताना घराघरांतून हातोडीची टकटक कानावर येते. कुठे तार ओढणं चाललेलं असतं, कुठे घुंगरं जोडणं. समुद्र इथून लांब, घाट उतरून पलीकडे. तरीही आज मी तुम्हाला सांगणार आहे ती गोष्ट एका दर्यावर्दी माणसाची आहे. ती मला सापडली आमच्याच गल्लीतल्या एका पत्र्याच्या ट्रंकेत.

मी शाळामास्तर. नोकरीत असताना हौसेनं मोडी शिकलो, आणि निवृत्तीनंतर गावात मोडी वाचणारा म्हातारा अशी माझी ओळख झाली. कुणी जमिनीचा कागद आणतं, कुणी देवस्थानचा. काही वर्षांपूर्वी शेजारच्या काकूंनी मला बोलावून घेतलं. त्यांचं कुटुंब मूळ मालवणचं, दोन पिढ्यांपूर्वी चांदीच्या कामासाठी इकडे आलेलं. घरात मात्र अजून मालवणीच बोलतात. काकू म्हणाल्या, “मास्तरांनू, आमचो मूळपुरुस आरमारातलो. इंग्रजांवांगडा लढलेलो. ह्ये कागद वाचून नातवाक जरा सांगा.”

ट्रंकेत एक लाल कापडी रुमाल होता आणि त्यात सहा-सात कागद. या मूळपुरुषाची एक चांदीची साखळीही घरात होती म्हणे. एका पडत्या वर्षी काकूंच्या सासऱ्यांनी ती आटवली. हुपरीत यात नवल काही नाही. जुना दागिना पुढ्यात आला की आमचा पहिला प्रश्न वजनाचा असतो. कागदांना वजन नव्हतं म्हणून ते वाचले.

आता ‘आरमारातला’ म्हणजे कुणाच्या आरमारातला, ते आधी पाहू. शिवछत्रपतींनी मालवणच्या बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला १६६४ साली. पुढे अठराव्या शतकात हा किल्ला आणि मालवण बंदर करवीरकर छत्रपतींच्या ताब्यात होतं. म्हणजे आपल्या कोल्हापूरला स्वतःचा समुद्र होता आणि स्वतःची लढाऊ गलबतंही होती. मुंबईकर इंग्रज त्या खलाशांना ‘मालवण’ याच नावानं ओळखत आणि त्यांना चाचे म्हणत. १७६५ साली इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला, त्याला फोर्ट ऑगस्टस असं नावही दिलं, आणि पुढच्या वर्षी पैसे घेऊन परत केला. हे सगळं संपलं १ ऑक्टोबर १८१२ च्या तहानं. मालवण बंदर आणि सिंधुदुर्ग कंपनीकडे गेले, आणि यापुढे लढाऊ जहाजं बाळगणार नाही असं कोल्हापूर दरबारानं कबूल केलं. त्या एका तहानं किती तांडेल आणि किती खलाशी एका दिवसात बिनकामाचे झाले असतील, याचा विचार करा.

म्हणून काकूंचा मूळपुरुष लढला की नाही हा प्रश्न कागदाच्या तारखेवर येऊन थांबला. कागद १८१२ च्या आधीचा असेल तर तो छत्रपतींच्या आरमारातला असू शकतो. नंतरचा असेल तर घरातली गोष्ट निदान त्या कागदापुरती टिकत नाही.

सगळ्यांत मोठा कागद हा गलबताच्या दुरुस्तीचा हिशेब होता. सागाच्या फळ्या, काथ्या, राळ, माशाचं तेल, शिडाचं कापड, नांगराचा दोर, सुताराची मजुरी. वर या माणसाचं नाव आणि नावापुढे ‘तांडेल’. तांडेल म्हणजे गलबताचा कप्तान. तारीख होती श्रावण शुद्ध पंचमी. ती वाचून मला बरं वाटलं, कारण ती पटण्यासारखी होती. पावसाळ्यात गलबतं किनाऱ्यावर ओढून शाकारलेली असतात, आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून पुन्हा पाण्यात लोटायची असतात. दुरुस्तीचा हिशेब व्हायचा तो श्रावणातच.

पण साल? जुन्या कागदांत साल बहुधा सुहूर सनात लिहिलेलं असतं, आणि तेही आकड्यांत नाही, अरबी शब्दांत. हा सन मृग नक्षत्रावर सुरू होतो, म्हणून त्याला मृगसाल असंही म्हणतात. सुहूर सनात जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवले आणि पुढच्या महिन्यांसाठी ६०० मिळवले, की इसवी सन निघतो. या कागदावर होतं, ‘सलास अशर’, मग घडीवर पडलेलं भोक, आणि पुढे ‘मयातैन व अलफ’. सलास म्हणजे तीन, अशर म्हणजे दहा, मयातैन म्हणजे दोनशे, अलफ म्हणजे हजार. बेरीज १२१३. त्यात ५९९ मिळवले की आले १८१२. महिना श्रावण, म्हणजे तहाच्या दोन महिने आधीचा! मी उत्साहात काकूंना सांगून टाकलं, तुमचं खरं आहे.

रात्री झोप लागेना. ते भोक डोळ्यांपुढून हलेना. अरबीत दहाला ‘अशर’ म्हणतात आणि विसाला ‘अशरीन’. भोकात ‘ईन’ गेलं असेल तर? मग सन १२२३, आणि इसवी सन १८२२. दोन अक्षरांनी दहा वर्षांचा फरक, आणि त्या दहा वर्षांत सगळं कोकण बदललेलं. १८१२ मध्ये मालवण गेलं, १८१८ मध्ये विजयदुर्गही इंग्रजांकडे गेला आणि पेशवाई बुडाली.

दुसऱ्या दिवशी हिशेब पुन्हा ओळ न ओळ वाचला. तळाशी, मी घाईत सोडलेल्या भागात, गेल्या मोसमाच्या जकातीची नोंद होती. ‘मालवण बंदरी कुंपणी सरकारात भरले.’ कुंपणी म्हणजे कंपनी. १८१२ च्या श्रावणात मालवणची जकात कंपनीकडे जाण्याचं कारणच नव्हतं, बंदर अजून छत्रपतींचं होतं. तेव्हा साल १८२२ हेच खरं. बाकीचे कागदही त्याच सुमाराचे निघाले. तांदूळ, नारळ, मीठ यांची भाडी, आणि एका सावकाराकडे गलबताचा निम्मा हिस्सा गहाण टाकल्याचा दस्त. तोफेचं, दारूगोळ्याचं नाव कुठेच नाही.

काकूंच्या मुलानं नाशिकला जाऊन तीर्थोपाध्यायांच्या वहीतून घराण्याची नोंद उतरवून आणली. आपल्याकडे गावावरून आणि आडनावावरून अशा वह्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या असतात. तिथे या तांडेलाच्या नातवानं बापाचं, आजाचं आणि पणजाचं नाव सांगितलेलं होतं. नावं जुळली. माणूस तोच होता.

विजयदुर्गचे आनंदराव धुळप आठवा. एप्रिल १७८३ मध्ये त्यांनी इंग्रजांचं ‘रेंजर’ जहाज पकडलं. त्यांच्यासाठी ट्रंका धुंडाळाव्या लागत नाहीत. ते पेशव्यांचे आरमारी सुभेदार होते, आणि सरदारांची पत्रं सरकारी दप्तरात राहतात. पेशवे दफ्तरातले निवडक कागद सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंडांत छापले. साध्या तांडेलाला असं दप्तर नसतं. त्याचं नाव राहतं ते कर्जाच्या कागदात, जकातीच्या ओळीत, क्षेत्रीच्या वहीत. तो कुठे चुकला, किती देणं लागत होता, हेच मागे उरतं.

आता काकूंना सांगायचं कसं? आठवडाभर मी त्यांच्या दारावरून मान खाली घालून गेलो. शेवटी बसलो आणि सगळं सांगितलं. माझी चूक आधी सांगितली. म्हटलं, काकू, तरुणपणी तो आरमारात असेलही, पण हे कागद तसं सांगत नाहीत. ते एवढंच सांगतात की आरमार बुडाल्यावर दहा वर्षांनीही हा माणूस समुद्रावर होता. निम्मं गलबत गहाण होतं, तरी श्रावणात काथ्या-राळ भरून तो ते पुन्हा पाण्यात लोटायच्या तयारीत होता.

काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मगे काय झाला? बंदर गेला, तरी ह्यो दर्यावरच रवलो मा?” आणि नातवाला हाक मारून त्यांनी तो हिशेब मला पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लावला.

श्रोतेहो, आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर असे रुमाल असतील. मोडी कळत नाही म्हणून ते रद्दीत घालू नका. जाणकाराला दाखवा. कागद कुणाचा, कुठून आला, हे घरातली वडील माणसं आहेत तोवर लिहून ठेवा. आणि वाचणाऱ्यालाही माझं एक सांगणं आहे. घरच्यांना जे हवं आहे ते कागदात लगेच दिसलं, तर तळाची ओळ वाचल्याशिवाय उठू नका.