वॉटसनचं हॉटेल आणि आपली इमारत

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सर्वप्रथम पंचवीस वर्षं पूर्ण केल्याबद्दल आपल्या सगळ्यांचं मनःपूर्वक अभिनंदन. सेक्रेटरींनी मला सांगितलं, "काका, पंधरा मिनिटं बोला, पण सोसायटीचा इतिहास नको, तो अहवालात आहेच." म्हणून मी आज दुसऱ्याच एका इमारतीचा इतिहास सांगणार आहे. जेवणाला उशीर होणार नाही, काळजी नसावी.

ही इमारत आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेली आहे. चर्चगेटला उतरून काळा घोड्याकडे गेलात, की आर्मी अँड नेव्ही बिल्डिंगच्या शेजारी ती दिसते. आता नाव एस्प्लनेड मॅन्शन. माझी नोकरी फोर्टातली. भाईंदरहून निघायचं, चर्चगेटला उतरायचं आणि चालत जायचं. वर्षानुवर्षं मी त्या इमारतीवरून गेलो. साहेबांचे कागद पोचवायला दोन-चार वेळा तिच्या लाकडी जिन्यानं वरही गेलो. वकिलांच्या पाट्या, वायरींची जाळी आणि अंधार. मला ती एक जुनी, पडायला आलेली चाळ वाटायची. फार उशिरा कळलं, की हे एके काळचं मुंबईतलं सगळ्यात झोकदार हॉटेल, वॉटसनचं हॉटेल.

गोष्ट १८६० च्या दशकातली. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिथला कापूस इंग्लंडला जाणं थांबलं आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा नुसता वाहत होता. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात किल्ल्याचा जुना तट पाडला गेला आणि मोकळ्या झालेल्या जागेचे प्लॉट लिलावात निघाले. जॉन वॉटसन नावाचा एक इंग्रज कापडव्यापारी होता. त्यानं १८६४ मध्ये अशा लिलावात जागा घेतली, तीही ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं.

आता एक योगायोग ऐका. त्याच १८६४ च्या नोव्हेंबरात गुजरातकडून येणारी बीबीसीआय रेल्वे थेट ग्रँट रोडपर्यंत आली. म्हणजे आपली वसईची खाडी ओलांडून, आपल्या मिठागरांच्या बाजूनं. पुढे १२ एप्रिल १८६७ ला विरार ते बॅकबे अशी पहिली लोकल सुटली. तेव्हा इथं काय होतं? आगरी-कोळ्यांची गावं, मिठागरं, शेती. आपण आज जी गाडी पकडायला धडपडतो, ती आणि वॉटसनचं हॉटेल एकाच वयाची भावंडं आहेत म्हणा ना!

आणि हॉटेल लागतं कुणाला? प्रवाशाला. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला, इंग्लंडहून येणारी बोट लवकर पोचू लागली. १८७० मध्ये जबलपूरला रेल्वेचे रूळ जुळले आणि मुंबई ते कलकत्ता सलग गाडी झाली. बोटीतून उतरायचं, मुंबईत दोन रात्री काढायच्या आणि गाडीत बसून पुढं जायचं, अशी साहेबलोकांची रीत पडली. इंग्लंडात रेल्वे कंपन्या स्टेशनला लागूनच मोठी हॉटेलं बांधायच्या. पुढं आपल्याकडेही बंगाल-नागपूर रेल्वेनं पुरीला आणि रांचीला स्वतःची हॉटेलं काढली. मुंबईत ते काम एका कापडव्यापाऱ्यानं केलं. १८७१ मध्ये वॉटसनचं हॉटेल सुरू झालं.

त्यात नवल काय होतं? तर ही इमारत आख्खी लोखंडी सांगाड्याची. बिडाचे खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये ओतल्या, बोटीत घालून इथं आणल्या आणि जागेवर जोडल्या. मुलांना समजेल असं सांगायचं तर मेकॅनोचा खेळ! मधल्या भिंती विटांच्या. भार भिंतींवर नाही, सगळा सांगाड्यावर. आज आपल्या बिल्डिंगचा भार कॉलमवर असतो, भिंत काढली तरी स्लॅब उभा राहतो. (कृपा करून हे ऐकून कुणी घरातल्या भिंती काढू नका!) तीच कल्पना त्यांनी तेव्हा लोखंडात केली होती. पाच मजले, सव्वाशेच्या वर खोल्या, मध्ये काचेच्या छताखाली मोठा चौक आणि बाहेरून सगळीकडे लांबलचक व्हरांडे. वाढायला म्हणे इंग्लंडहून मुली आणल्या होत्या.

मार्क ट्वेन हा अमेरिकन लेखक १८९६ मध्ये इथं उतरला आणि खिडकीबाहेरच्या मुंबईच्या कावळ्यांवर त्यानं मनसोक्त लिहिलं. त्याच वर्षी ७ जुलैला फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या माणसानं याच हॉटेलात हलती चित्रं दाखवली. तिकीट एक रुपया. हिंदुस्थानातला सिनेमाचा पहिला खेळ तो हा. मुंबईत सुरू झालेले हे खेळ पाहून आपल्या सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये कुस्तीचं चित्रण केलं. म्हणजे मंडळी, तुमचं-माझं सिनेमाचं वेड त्या इमारतीतून निघालेलं आहे.

जमशेटजी टाटांना तिथं आत येऊ दिलं नाही आणि म्हणून त्यांनी ताज बांधलं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. अनेक अभ्यासक ती खरी मानत नाहीत. पण १९०३ मध्ये ताज उघडलं आणि वॉटसनच्या हॉटेलाचे दिवस फिरले, हे मात्र खरं. ताजमध्ये विजेचे दिवे होते, लिफ्ट होती. नवं आलं की जुन्याला कोण विचारतो?

पुढं १९६० च्या सुमारास हॉटेल कायमचं बंद झालं. मोठमोठ्या खोल्यांचे तुकडे पाडून त्या भाड्यानं दिल्या. जवळ कोर्ट, म्हणून वकिलांची ऑफिसं आली. झेरॉक्सवाले आले, टायपिस्ट आले, काही कुटुंबंही राहिली. दीडशेच्या आसपास भाडेकरू. व्हरांडे बंद करून खोल्या झाल्या आणि मधला काचेचा चौक अडगळीनं भरला.

इथपासून ही गोष्ट आपल्या कामाची होते, म्हणून जरा लक्ष द्या.

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं मुंबईतली भाडी जिथल्या तिथं थिजली. गरीब माणसाला आसरा मिळाला, तो कायदा उगाच आला नव्हता. पण अशा इमारतीत मालक म्हणतो, येणाऱ्या भाड्यात रंगसुद्धा होत नाही, दुरुस्ती कशी करू? भाडेकरू म्हणतो, इमारत माझी नाही, मी का खर्च करू? दोघांचंही म्हणणं ऐकलं की बरोबर वाटतं. पण पाऊस कुणाचं म्हणणं ऐकत नाही. तो दरवर्षी सात जूनच्या आसपास येतोच. समुद्राची खारी हवा, वरून पाणी. लोखंडाच्या जोडांत पाणी शिरलं की गंज धरतो. आणि गंज हा मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे आजूबाजूचं फोडत जातो.

२००५ च्या जुलैमध्ये त्या इमारतीच्या बाल्कनीचा भाग रस्त्यावर कोसळला. एका माणसाचा जीव गेला, काही जण जखमी झाले. त्याच सुमारास वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेनं जगातल्या धोक्यात आलेल्या शंभर वास्तूंच्या यादीत तिचं नाव घातलं. जगाला तिची काळजी वाटली, पण दुरुस्ती काही मार्गी लागली नाही. शेवटी २०१९ मध्ये हायकोर्टाच्या आदेशानंतर इमारत रिकामी करण्यात आली. आयआयटीच्या तज्ज्ञांचा अहवाल पाडण्याच्या बाजूचा, तर वारसा जपणारे तज्ज्ञ म्हणाले वाचवता येईल. वाद कोर्टात. आणि ज्यांची तिथं पोटापाण्याची जागा होती, ती मंडळी टेबल-खुर्च्या टेम्पोत घालून बाहेर.

आता दुसरी बाजू. या हॉटेलचा आराखडा करणारा इंजिनिअर रोलंड ऑर्डिश. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनचं सुमारे २४० फुटांचं एकसंध लोखंडी छत आहे ना, त्या कामातही याचाच हात होता. त्या स्टेशनला लागून मिडलँड रेल्वेनं १८७३ मध्ये भव्य हॉटेल उघडलं. आपलं व्हीटी स्टेशन पाहताना ज्याची आठवण होते, तेच. त्याचंही नशीब असंच. खोल्यांना जोडून बाथरूम नव्हती, चालवणं परवडेना, १९३५ मध्ये बंद पडलं. मग रेल्वेची ऑफिसं. १९६० च्या दशकात पाडायची भाषा सुरू झाली. तेव्हा जॉन बेट्जमन हे कवी आणि त्यांच्यासारखे लोक उभे राहिले, आरडाओरडा केला आणि १९६७ मध्ये त्या वास्तूला सर्वोच्च दर्जाचं संरक्षण मिळालं. २०११ मध्ये तिथं पुन्हा हॉटेल सुरू झालं. शहात्तर वर्षांनी!

एकाच माणसाच्या हाताखालून गेलेली दोन कामं. एक ताठ उभं, दुसरं टेकू लावलेलं. लोखंड तेच, इंजिनिअर तोच. मग फरक कशाचा? पैशाचा आहे, नाही म्हणत नाही. पण त्याहून मोठा फरक म्हणजे तिथं एक मालक होता, त्याला जाब विचारता येत होता, आणि वेळेत बोलणारी माणसं होती. इथं प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवत राहिला.

मंडळी, आता आपल्याकडे येतो. आज सणाचा दिवस आहे, कडू बोलू नये. पण घरातल्याच माणसांशी बोलतोय.

आपणही खाडीकाठी राहतो. आपल्याही हवेत मीठ आहे. आपल्या कॉलमच्या आत लोखंडी सळ्याच आहेत, त्याही फुगतात आणि काँक्रीट फोडतात. सी विंगच्या जिन्याखाली प्लास्टर सुटलंय, ते आपण सगळे रोज बघतो. टाकीखालची गळती तर आता घरातल्यासारखी झाली आहे. उपविधी सांगतात, की पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हावं आणि तीस वर्षांनंतर दर तीन वर्षांनी. दोन वर्षांपूर्वीच्या सर्वसाधारण सभेत तो विषय आला होता. कोटेशन बघून सगळे म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." खोटं कशाला सांगू, पुढं ढकलायला मीही हात वर केला होता. तेव्हा डोक्यात फक्त आकडा होता. फोर्टातल्या त्या इमारतीत दरवर्षी कुणीतरी हेच म्हणालं असणार, हे मला नंतर सुचलं.

दुसरी गोष्ट कन्व्हेयन्सची. कायद्यानं सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरनं जमीन-इमारत आपल्या नावावर करून द्यायची असते. आपल्याला पंचवीस वर्षं झाली. फ्लॅट आपला, पण जमीन अजून कागदावर आपली नाही. उद्या पुनर्विकासाची वेळ आली, तर पहिला प्रश्न हाच येणार, मालक कोण? वॉटसनच्या इमारतीत हाच प्रश्न रेंगाळत राहिला. बिल्डर सही देत नसेल तर डीम्ड कन्व्हेयन्सचा मार्ग कायद्यात आहे. फाइल करायला कागद जमवावे लागतात, ते काम मी निवृत्त माणूस आनंदानं करीन. आयुष्यभर तेच केलंय.

आणि पैशाचं म्हणाल तर, आपल्यात पेन्शनवर जगणारे आहेत, नोकरी गेलेले आहेत. त्यांना मेंटेनन्समध्ये शंभर रुपये वाढले तरी जड जातात, मला माहीत आहे. म्हणूनच तर उपविधींत सिंकिंग फंड आहे, बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरवर्षी, आणि दुरुस्तीसाठी पाऊण टक्का. थोडं थोडं, सगळ्यांनी, रोजच्या संसारासारखं. एकदम लाखाची वर्गणी काढायची वेळ आली, तर सगळ्यात आधी तीच माणसं अडचणीत येतील, ज्यांच्यासाठी आज आपण खर्च टाळतोय.

तेव्हा येत्या सर्वसाधारण सभेत ऑडिटचा विषय पुन्हा घ्यावा, अशी अध्यक्षांना विनंती. ठराव मी मांडीन. अनुमोदनाला एक हात हवा आहे, तो जेवताना कुणीतरी मला येऊन सांगा.

पंचवीस वर्षांपूर्वी इथं राहायला आलो, तेव्हा आपल्या पाण्याचा टँकर पहाटे चारला यायचा आणि सगळे बादल्या घेऊन खाली. कुणाची बादली कुणी भरली, हिशोब नव्हता. त्या दिवसांत आपण 'माझं काय' असं विचारलं नाही, म्हणून आज हा मांडव लागला. आज मांडवात खेळणारी ही मुलं सुवर्णमहोत्सवाला तिशीत किंवा चाळिशीच्या आसपास असतील. तेव्हा त्यांनी याच गच्चीखाली जमावं, एवढीच इच्छा.

गोड जेवण वाट बघतंय. सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा.