पंचवीस वेळांचं वचन

आज १४ जून, जागतिक रक्तदाता दिन. रक्तगट शोधून काढणाऱ्या कार्ल लँडस्टायनर यांचा हा जन्मदिवस. २००४ साली हा दिन पहिल्यांदा पाळला गेला, तेव्हा मुख्य सोहळा दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गला झाला. म्हणून आज थोडं आफ्रिकेतल्या रक्तदानाविषयी.

श्रीमंत देशांत बरंचसं रक्त साठी ओलांडलेल्या रुग्णांना लागतं. गरीब देशांत, जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार, निम्म्याच्या आसपास रक्त पाच वर्षांखालच्या मुलांना द्यावं लागतं. मलेरियात तांबड्या पेशी फुटतात आणि लेकराचं हिमोग्लोबिन झपाट्यानं उतरतं. बाळंतपणात रक्तस्राव सुरू झालेल्या बाईच्या हाती तर त्याहून कमी वेळ असतो. घाना, नायजेरियासारख्या देशांत अशा वेळी बहुतेकदा नातेवाइकांनाच रक्त द्यायला सांगतात. माणूस शोधायचा, त्याचं रक्त तपासायचं, यात मोलाचे तास जातात. शिवाय नड दिसली की पैसे घेऊन रक्त देणारेही पुढे येतात. खरं तर रुग्ण दवाखान्यात येण्याआधीच तपासलेलं रक्त तिथे तयार हवं.

झिम्बाब्वेनं यावर १९८९ साली एक वाट काढली. एचआयव्हीची साथ पसरत होती आणि सुरक्षित रक्तदाता मिळणं अवघड झालं होतं. तिथल्या रक्तसेवेनं शाळकरी तरुणांचा ‘प्लेज ट्वेंटी-फाइव्ह’ क्लब काढला. सोळा वर्षांपुढच्या मुलामुलींनी पंचवीस वेळा रक्त देण्याचं वचन द्यायचं, आणि आपलं रक्त पुढेही चालेल असं स्वतःला जपायचं. त्यामुळे रक्तदानाबरोबर एचआयव्हीपासून दूर राहण्याचा धडाही मुलांच्या अंगवळणी पडू लागला. पुढे दक्षिण आफ्रिकेसह अनेक देशांनी ही कल्पना उचलली.

पण विद्यार्थ्यांवर विसंबण्यातही एक अडचण आहे. केनियात शाळांना सुट्ट्या लागल्या की रक्ताचा तुटवडा पडतो. २०२० मध्ये कोविडमुळे शाळाच बंद झाल्या, तेव्हा तो अधिकच जाणवला. आपल्याकडे मे महिन्यात रक्तपेढ्यांची हीच तारांबळ उडते.

रवांडात २०१६पासून ड्रोन डोंगरांवरून उडत जाऊन रक्ताच्या पिशव्या पॅराशूटनं दवाखान्यांत उतरवतात. त्याची बातमी जगभर झाली. त्या पिशव्या भरतात ते मात्र तिथले विनामोबदला रक्त देणारे नागरिक. त्यांनी पाठ फिरवली तर ड्रोन नेणार तरी काय?

पहिलं रक्तदान उत्साहात होऊन जातं, बहुतेकांची गाडी अडते ती दुसऱ्यापाशी. साठवलेल्या तांबड्या पेशी जेमतेम सहा आठवडे टिकतात, म्हणून परत येणारा रक्तदाता हवा. तेव्हा आज कुठल्या शिबिरात जाणार असाल, तर पुढची तारीखही तिथेच ठरवून या: पुरुषांनी तीन महिन्यांनंतरची, स्त्रियांनी चार महिन्यांनंतरची.