बारा मीटरचा दोर

पोहण्याच्या शर्यतीत जो पहिला येतो, तो एकटाच येतो. आज ज्या खेळाबद्दल बोलणार आहे, त्यात कुणाला तरी सोबत घेऊन यावं लागतं. या खेळाला लाइफसेव्हिंग म्हणतात. आपण त्याला जीवरक्षणाचा खेळ म्हणू.

पोहण्याच्या तलावातच याच्या शर्यती होतात. एका शर्यतीत दोनशे मीटर पोहायचं असतं. वाटेत पाण्यात जाळ्या सोडलेल्या असतात आणि आठ वेळा त्यांच्याखालून बुडी मारून जावं लागतं. दुसरीत पंचवीस मीटर पोहून तळाशी ठेवलेला पाणी भरलेला पुतळा वर काढायचा आणि उरलेले पंचवीस मीटर तो ओढत न्यायचा. त्याचं तोंड पालथं होता कामा नये. त्याचा गळा, नाक, तोंड किंवा डोळे धरले, तर स्पर्धक बाद. नियम किती विचारानं केलेत पाहा! घाईघाईत वाचवणाऱ्याचा हात नेमका गळ्याशीच जातो.

हा खेळ वाढला ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवर. सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर 1907 मध्ये जीवरक्षकांचा क्लब निघाला. तिथंच 6 फेब्रुवारी 1938 या दिवशी एकामागून एक आलेल्या मोठ्या लाटांनी शेकडो माणसं आत ओढून नेली. पाच जण दगावले, बाकीच्यांना क्लबच्या स्वयंसेवकांनी बाहेर काढलं. आज त्या देशात पाच वर्षांची पोरंसुद्धा रविवारी सकाळी वाळूत पळताना, फळीवर पालथं पडून हातांनी पाणी मारताना दिसतात. त्यांना तिथं ‘निपर्स’ म्हणतात. खेळता खेळता समुद्र कुठं आत ओढतो, हे त्यांच्या डोळ्यांना कळू लागतं.

पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती दोर फेकण्याची शर्यत. यात फेकणारा पाण्यात उतरतच नाही. तो काठावर उभा असतो आणि त्याचा साथीदार बारा मीटरवर पाण्यात. शिट्टी झाली की काठावरच्यानं पाण्यात पसरलेला दोर ओढून गोळा करायचा, पुन्हा फेकायचा, साथीदारानं तो पकडला की त्याला भिंतीपर्यंत ओढून आणायचं. हे सगळं पंचेचाळीस सेकंदांत. फेक चुकली तर दोर परत ओढून पुन्हा फेकायची मुभा आहे. नेमलेली जागा सोडली, की मात्र बाद. ऐकायला सोपं वाटतं. हाताखालचा दोर ओला असतो, त्याला पीळ पडतो, आणि घाई केली की तो आपल्याच पायाशी पडतो. दहा-बारा वर्षांच्या मुलांना हे शिकवून बघा. जोरानं फेकणाऱ्यापेक्षा वेटोळी नीट घेणारा पुढं जातो.

आपल्याकडच्या बातम्या आठवून पाहा. धरणावर सहलीला गेलेल्यांपैकी एकाचा पाय घसरतो, त्याला वाचवायला दुसरा उडी मारतो, त्या दोघांसाठी तिसरा. बुडणारा माणूस जिवाच्या आकांतानं हाताला येईल त्याला मिठी मारतो, मग चांगला पोहणाराही त्याच्याबरोबर खाली जातो. शिवाय बुडणारा बहुधा ओरडत नाही. तोंड पाण्यावर येतं तेवढ्या क्षणात तो श्वास घेईल की हाक मारील? सिनेमातला बुडणारा मात्र सबंध संवाद म्हणतो!

आपण मुलांना विहिरीत पोहायला शिकवलं. पाठीला डबा बांधला, भोपळा बांधला, सूर मारायला शिकवला, आणि धाडसाचं कौतुक केलं. काठावर थांबून मदत कशी करायची, हे शिकवायचं राहिलं. शेतावर कासरा असतो, घरात साडी असते, गाडीत रिकामा प्लास्टिकचा कॅन असतो. काठावर पालथं पडून लांब काठी पुढं करता येते. पाण्यात उतरणं हा शेवटचा उपाय, आणि तो शिकलेल्या माणसाचा. मुलांना हे भाषण देऊन कळत नाही. शिट्टी, घड्याळ आणि दोर दिला की अंगवळणी पडतं.

जीवरक्षणाचं शिक्षण देणारी राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटी आपल्या पुण्यातच आहे. जलतरण क्लबांनी अशा संस्थांची मदत घ्यावी. त्यासाठी वेगळा तलाव बांधावा लागत नाही. आठवड्यातला एक सराव वेगाऐवजी दोराला आणि पुतळ्याला दिला, तरी सुरुवात होते.

संयुक्त राष्ट्रांनी 2021 मध्ये 25 जुलै हा बुडण्याच्या घटना रोखण्यासाठीचा जागतिक दिवस ठरवला. आपल्याकडे तो ऐन पावसाळ्यात येतो, धबधबे आणि धरणं माणसांनी भरलेली असताना. पालकांनो, तुमची मुलं ज्या तलावावर जातात, तिथल्या प्रशिक्षकांना त्याआधी एवढं विचारा, की आमच्या मुलाला दोर फेकायला कधी शिकवणार?