मनाच्या दुखण्याची नोंद



शरीराच्या दुखण्याचे कागद माणूस चारचौघांत उघडतो. मनाच्या दुखण्याचे मात्र कपाटाच्या तळाशी दडवून ठेवतो. मानसोपचाराच्या क्षेत्रात संगणकीय नोंदी मागे राहिल्या, त्याचे एक कारण हेच होय. तथापि ही दडवादडवी किती महाग पडते, हे एका उदाहरणावरून ध्यानात येईल.

उन्माद आणि विषण्णता आळीपाळीने येणाऱ्या विकारावर लिथियम हे गुणकारी औषध आहे. परंतु त्याची उपकारक मात्रा व विषारी मात्रा यांत अंतर थोडे. म्हणून रक्त वरचेवर तपासावे लागते. असा रुग्ण गुडघेदुखीसाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेला, संकोचाने त्याने लिथियमचे नाव घेतले नाही आणि त्यास आयबुप्रोफेनसारखे वेदनाशामक मिळाले, तर रक्तातील लिथियम वाढून कंप व ग्लानी येते, प्रसंगी प्राणावरही बेतते. येथे चूक दोघांपैकी कोणत्याच डॉक्टरांची नसते. उणीव असते ती दोघांना जोडणाऱ्या नोंदीची.

मग अडते कोठे? पहिली अडचण पैशाची. अमेरिकेत २००९ च्या कायद्याने संगणकीय नोंदी स्वीकारणाऱ्या डॉक्टरांना व सर्वसाधारण रुग्णालयांना सरकारी अर्थसाहाय्य मिळाले. मनोरुग्णालये आणि मानसशास्त्रज्ञ मात्र वगळले गेले. त्यांच्यासाठी अशा साहाय्याचा प्रयोग करण्याची मुभा कायद्याने दिली ती २०१८ साली, नऊ वर्षांनंतर.

दुसरी अडचण भीतीची, आणि ती निराधार नाही. फिनलंडमधील एका मानसोपचार संस्थेच्या नोंदी चोरीस गेल्या आणि २०२० साली चोरट्याने थेट रुग्णांकडे खंडणी मागितली. ज्या गोष्टी घरच्यांसही सांगितल्या नव्हत्या, त्या चव्हाट्यावर आणण्याची ती धमकी होती.

ह्यावर उपाय नोंदी टाळण्याचा नव्हे, त्यांचे दोन कप्पे करण्याचा आहे. औषधे, मात्रा आणि रक्ततपासण्या रुग्णाच्या संमतीने अन्य डॉक्टरांस दिसाव्यात. अंतरंगातील संभाषणाची टिपणे उपचारकापाशीच कुलूपबंद राहावीत. अमेरिकेच्या नियमांनी अशा वेगळ्या ठेवलेल्या टिपणांस विशेष संरक्षण दिले आहे. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही गोपनीयतेचा हक्क संगणकात साठविलेल्या माहितीस लागू केला आहे, आणि काही मर्यादा सोडता रुग्णास स्वतःच्या नोंदी पाहण्याचा अधिकार दिला आहे. कर्नाटकात २०२१ साली बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या सहभागाने ‘ई-मानस’ ही व्यवस्था सुरू झाली; बेळगाव सीमाभागातील उपचारकही तिच्याच कक्षेत येतात.

कायदा आहे, साधनही आहे. परंतु छोट्या दवाखान्यात एकट्याने काम करणाऱ्या उपचारकास यंत्राचा खर्च, ते हाताळण्याचे शिक्षण आणि माहितीच्या सुरक्षिततेची हमी ही तिन्ही मिळाली पाहिजेत. केवळ परिपत्रके काढून तो कागदी वही सोडणार नाही. आणि रुग्णाचा विश्वास गमावून त्याने ती सोडूही नये.