ती ‘कर्मचारी’ नव्हती म्हणे!



गँगमन रुळावर दगावला की भरपाईसाठी खेटे घालावे लागतात, भांडावे लागते. पण तो कामगार होता का, असे कुणी विचारत नाही. दक्षिण आफ्रिकेत एका बाईच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न निघाला.

प्रिटोरियातल्या एका घरी ती बावीस वर्षे कामाला होती. दृष्टी अधू, पोहता येत नव्हते. मार्च २०१२ मध्ये मालकाच्या पोहण्याच्या तलावात ती बुडून मेली. तिच्यावर अवलंबून असलेल्या मुलीने भरपाई मागितली, ती मिळाली नाही. कारण १९९३ च्या भरपाई कायद्यात ‘कर्मचारी’ या व्याख्येतून घरकामगारांना वगळले होते. वर्णद्वेषी राजवट १९९४ साली गेली, ही ओळ मात्र राहिली. व्याख्या माणसाला कसे बाहेर ठेवते, हे आपल्या ग्रामीण डाकसेवकांना वेगळे सांगायला नको.

मुलीबरोबर घरकामगारांची ‘सॅडसावू’ ही युनियन कोर्टात अर्जदार म्हणून उभी राहिली. स्त्रीवादी संघटना म्हटले की आपल्यातल्या काही साथींच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यांनी हे ऐकावे. केप टाऊनचे ‘विमेन्स लीगल सेंटर’ हे स्त्रियांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या वकिलांचे केंद्र. ते या खटल्यात कोर्टाला साहाय्य करायला उतरले. पुढारपण त्यांनी घेतले नाही, ते युनियनकडेच राहिले. १९ नोव्हेंबर २०२० रोजी घटना न्यायालयाने ती ओळ घटनाबाह्य ठरवली, तीही २७ एप्रिल १९९४ पासून! हे काम बहुतांशी गरीब काळ्या बायका करतात. वर्ण, लिंग आणि वर्ग यांचा अन्याय सुटासुटा मोजता येत नाही, हे न्यायालयाने मान्य केले.

या युनियनच्या सरचिटणीस मर्टल विटबूई स्वतः घरकामगार होत्या. २०१३ साली घरकामगारांचा आंतरराष्ट्रीय महासंघ झाला, त्याच्या त्या पहिल्या अध्यक्ष. २०२३ साली त्या गेल्या.

निकालाने लगेच पैसे हातात पडत नाहीत. मालकाने नाव नोंदवायला हवे, आणि बंद दारामागे तपासायला जाणार कोण? ते काम अजून उरलेच आहे.

घरकामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १८९ क्रमांकाचा करार २०११ चा. दक्षिण आफ्रिकेने तो २०१३ मध्ये स्वीकारला, भारताने अजून नाही. आपल्या क्वार्टरमध्ये भांडी घासायला येणारी बाई घसरून पडली, हात मोडला, तर दवाखान्याचा खर्च कोण देते? आज घरी गेल्यावर तिलाच विचारा.