सेवकाचे पुढारीपण

श्रोतेहो, आपल्याकडे पाहुणा दारी आला की पाय धुवायला पाण्याचा तांब्या पुढे करतात. येशूच्या काळी त्याच्या देशातही ही रीत होती. मात्र पाहुण्याचे पाय धुणे हे घरातल्या गुलामाचे काम. योहानाच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात, एक हकीगत आहे. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू पंगतीतून उठला, कमरेला रुमाल गुंडाळला आणि शिष्यांचे पाय स्वतः धुऊ लागला. पेत्राला ते काही पटेना. गुरूने असले काम करायचे? ख्रिस्ती माणसाची पुढारीपणाची कल्पना या प्रसंगावर उभी आहे.

आता देवाचे बोलावणे म्हणजे काय? आकाशवाणीच व्हावी लागते असे नाही, हे मी आकाशवाणीवरूनच सांगतो आहे! पंडिता रमाबाईंना ते ओळखीच्या आवाजात ऐकू आले. तो आवाज भुकेचा होता. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात त्यांचे आईवडील गेले, पाठोपाठ थोरली बहीण गेली. उरलेली बहीणभावंडे पायी हिंडत राहिली. पुढे १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी याच मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविले. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले, ते पुढल्या वर्षी पुण्यास नेले. १८९३ साली तेथे धर्मांतरावरून मोठा वाद माजला आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांचा विश्वास उडाला हे खरे. बाईंनी आपली श्रद्धा झाकून ठेवली नाही, हेही तितकेच खरे. एकाच बाजूला सारा दोष देणे मला जमत नाही.

पण १८९६ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडल्याचे कळले, तेव्हा त्या वादात गुंतून बसल्या नाहीत. बाई स्वतः तिकडे गेल्या. हाडे वर आलेल्या, कोणी वाली नसलेल्या पोरीबाळी त्यांनी गोळा केल्या. त्या सुमारे तीनशे झाल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर नेले. पांडित्य तेथे काय कामाचे? पोरींना न्हाऊमाखू घालायचे, जखमा धुवायच्या, पोटाला सोसेल एवढेच बेताबेताने जेवू घालायचे. उपाशी माणसाला एकदम पोटभर वाढणेही घातक असते. मग शेती, विणकाम, लिहिणे-वाचणे. ‘मुक्ति’ हे नाव त्या वस्तीला मिळाले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या हजारावर गेली.

शिक्षकबंधूंनो, आता खास तुमच्यासाठी सांगतो. संस्कृतावर एवढे प्रभुत्व असलेल्या या बाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणले, आणि जड संस्कृत शब्द त्यातून कटाक्षाने टाळले. का? तर नुकती अक्षरओळख झालेल्या खेड्यातल्या बाईला ते वाचता यावे म्हणून. येणारा शब्द बाजूला ठेवायचा, हे विद्वानाला किती जड जाते ते आम्हा प्राध्यापकांना विचारा! मुलगा मागच्या बाकावरून कोरा चेहरा करून पाहतो, तरी आपला ‘तथापि’ काही सुटत नाही. मला तरी येशूने कमरेला गुंडाळलेला रुमाल या भाषेत दिसतो.

केडगावच्या छापखान्यात मुलीच खिळे जुळवीत. नवा करार १९१३ साली निघाला. १९२१ साली एकुलती मुलगी मनोरमा वारली. बाईंचे काम चालूच होते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. छापून पुरा झालेला ग्रंथ त्यांच्या हाती पडला नाही. तो १९२४ साली बाहेर आला.